कस्टडी दोघांची, नोकरी दुसऱ्या राज्यात: न्यू जर्सीतून मुलाला घेऊन निघण्यापूर्वी

ह्यूस्टनच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं तेव्हा मी सगळ्यात आधी अपार्टमेंटची लीज काढून वाचली. मग मूव्हर्सचे दर बघितले, मग तिकडच्या शाळा. तिसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलीच्या बाबांना सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती, मुलगी आठ वर्षांची होती, जास्त रात्री ती माझ्याकडे असायची. ती माझ्याकडे राहते म्हणजे मी जाईन तिथे ती येणार, असं मी गृहीतच धरलं होतं. कायद्याने तसं नव्हतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तसं नव्हतं.

त्यानंतर एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबरो भागातल्या बऱ्याच मराठी आयांशी आणि बाबांशी या विषयावर बोलणं झालं. प्रत्येकाचा गोंधळ साधारण त्याच ठिकाणी होतो, म्हणून क्रमाने लिहिते आहे. हे सगळं न्यू जर्सीच्या कोर्टाचा आदेश असलेल्यांसाठी आहे. इतर राज्यांचं पुढे थोडक्यात येईल. वकील तुम्हाला लागेलच. पण वकिलाच्या तासाचे पैसे मोजताना काय विचारायचं हे आधी माहीत असलं, तर ते तास वाया जात नाहीत.

सगळ्यात आधी: काय करायचं नाही

मुलाला घेऊन आधी निघायचं आणि परवानगीचं नंतर बघायचं, हे करू नका. "उन्हाळ्याच्या सुट्टीला जातोय" असं सांगून तिकडेच शाळेत नाव घालणं हाही तोच प्रकार. न्यू जर्सीच्या कायद्यात, कलम ९:२-२ मध्ये, हे स्पष्ट आहे. आईवडील विभक्त किंवा घटस्फोटित असतील, आणि मूल या राज्यात जन्मलेलं असेल किंवा पाच वर्षं इथे राहिलेलं असेल, तर दोन्ही पालकांच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला राज्याबाहेर राहायला नेता येत नाही. मूल इथे जन्मलेलं नाही आणि पाच वर्षंही झालेली नाहीत, म्हणून आपण मोकळे, असंही समजू नका. तुमच्या करारातली कलमं आणि दुसऱ्या पालकाचे हक्क तसेच उभे असतात.

परस्पर नेलेल्या मुलाला परत आणण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. शिवाय त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दाकडे न्यायाधीश संशयाने बघतात. दुसऱ्या पालकाशी सहकार्य करण्याची तयारी आहे की नाही, हा न्यायाधीश तपासतात त्यातला एक मुख्य मुद्दा, आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच देऊन बसलेले असता.

लीजवर सही, शाळेतून नाव काढणं, घर विकायला काढणं, हेही थांबवा. आणि मुलाला इतक्यात सांगू नका. आठ वर्षांच्या पोरीला "हे बाबांना सांगू नकोस हं" म्हणणं म्हणजे तिच्या पाठीवर दगड ठेवणं आहे. मी दोन दिवस तो दगड ठेवला होता. त्याचं अजून वाईट वाटतं.

एक अपवाद मनापासून सांगते. घरात मारहाण, धमक्या, जिवाची भीती असेल तर हा क्रम तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित व्हा, संरक्षणाचा आदेश घ्या. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५ पासून काम करते आहे. मुलाच्या किंवा तुमच्या जिवाला धोका असेल तर दुसऱ्या राज्याचं कोर्टही तात्पुरता आदेश देऊ शकतं. नवा पत्ता गुप्त ठेवण्याची सरकारी योजनाही इथे आहे. अशा वेळी "आधी त्यांना ईमेल करा" हा खालचा सल्ला पाळू नका.

तुमचा स्वतःचा कागद वाचा

घटस्फोटाचा निकाल आणि त्याला जोडलेला सेटलमेंट करार काढा. बहुतेकांनी तो सही केल्यानंतर उघडलेला नसतो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, लीगल कस्टडी. शाळा, औषधोपचार, धर्म यांसारखे मोठे निर्णय कोण घेणार हा तो भाग. आपल्याकडच्या बहुतेक करारांत ती जॉइंट, म्हणजे दोघांची असते. दुसरी, मूल कोणाकडे किती रात्री राहतं. न्यू जर्सीत जास्त रात्री असलेल्या पालकाला पॅरेंट ऑफ प्रायमरी रेसिडन्स म्हणतात आणि दुसऱ्याला पॅरेंट ऑफ ऑल्टर्नेट रेसिडन्स. कागदावरच्या रात्री आणि प्रत्यक्षातल्या रात्री दोन्ही मोजा, कारण समोरची बाजू मोजणारच आहे. तिसरी, स्थलांतराचं कलम. काही करारांत अमुक मैलांच्या बाहेर जायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं हे लिहिलेलं असतं. ते असेल तर तुमची सुरुवात तिथूनच.

इथे एका जुन्या सल्ल्याबद्दल सावध करते, कारण मंडळाच्या कार्यक्रमांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो अजून फिरतो: "प्रायमरी तुझ्याकडे आहे ना? मग तुला कोणी अडवू शकत नाही." २००१ च्या एका निकालानंतर खरोखर बरंचसं तसं होतं. प्रायमरी पालकाने आपला हेतू प्रामाणिक आहे आणि जाण्याने मुलाचं नुकसान नाही, एवढं दाखवलं तरी पुरायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने बिस्बिंग खटल्यात हे बदललं. त्यात आईला जुळ्या मुलींना घेऊन युटाला जायचं होतं. कोर्टाने सांगितलं की प्रायमरी असो वा बरोबरीची कस्टडी, दोन्हींत कसोटी एकच: जाणं मुलाच्या हिताचं आहे का? म्हणजे २०१७ च्या आधी ज्या मैत्रिणीला सहज परवानगी मिळाली, तिचा अनुभव आज तुमच्या उपयोगाचा नाही.

व्हिसाचं घड्याळ आणि कोर्टाचं घड्याळ

आपल्या लोकांची खरी कोंडी इथे होते, आणि अमेरिकन वकिलांनाही ती नीट समजावून सांगावी लागते.

एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. त्यात नवा एम्प्लॉयर मिळाला पाहिजे, आणि तो डॅलसचा असेल, सिअ‍ॅटलचा असेल, जिथला असेल तिथला. मूल बहुतेक वेळा इथेच जन्मलेलं, अमेरिकन नागरिक. दुसरा पालक न्यू जर्सीत. कोर्टात वाद झाला तर निकालाला महिने लागतात. ही दोन घड्याळं एकमेकांना ओळखत नाहीत.

अशा वेळी तीन गोष्टी करून बघा. एक, नव्या कंपनीकडे पहिले काही महिने न्यू जर्सीतून काम करण्याची परवानगी मागा. त्यासाठी व्हिसाच्या अर्जात कामाचं ठिकाण कसं दाखवायचं ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच करा. दोन, कोर्टाला मुदतीची तारीख पुराव्यासकट दाखवून लवकर सुनावणी मागा. तीन, आणि हे सगळ्यात अवघड, गरज पडली तर आधी तुम्ही एकट्याने जा आणि मूल तेवढे दिवस दुसऱ्या पालकाकडे, त्याच शाळेत राहू द्या.

तिसरा मार्ग घेतलात तर एक कागद केल्याशिवाय विमानात बसू नका. दोघांच्या सहीचा तात्पुरता कन्सेन्ट ऑर्डर, म्हणजे दोघांच्या संमतीने झालेला कोर्टाचा आदेश, करून घ्या. ही व्यवस्था तात्पुरती आहे, अमुक तारखेपर्यंत आहे, आणि अंतिम निर्णयात ती कोणाच्याही विरुद्ध वापरली जाणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. वकील याला 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. तो नसला तर सहा महिन्यांनी "मूल इथे छान रुळलंय, आता कशाला हलवायचं?" हा युक्तिवाद होतो, आणि तो चुकीचाही नसतो.

एच-फोरवर असलेल्यांसाठी एक ओळ: घटस्फोटाबरोबर जोडीदारावर अवलंबून असलेला तुमचा व्हिसा संपतो, मुलाचा मात्र आईच्या किंवा बाबांच्या एच-वन-बीवर चालू राहू शकतो. राज्य बदलण्याचा विचार करण्याआधी तुमच्या स्टेटसचं काय, हे आधी मिटवा.

दुसऱ्या पालकाला सांगणं

लेखी सांगा. ईमेलने, किंवा कोर्टाने आवर फॅमिली विझार्डसारखं अ‍ॅप नेमून दिलं असेल तर त्यातून. फोनवर सांगितलेलं नंतर दोघांना दोन तऱ्हांनी आठवतं. आणि पुण्याहून आजीने फोन करून, मध्यस्थ काकांनी चहाला बोलावून, हे नको. मोठ्यांच्या मनात चांगलंच असतं, पण दोन फोननंतर प्रश्न मुलीचा राहत नाही, दोन घरांच्या मानापमानाचा होतो.

पहिल्या ईमेलमध्ये घोषणा नको, विचारणा हवी. मी पाठवलेल्याचा सूर असा होता: "मला ह्यूस्टनला नोकरीची ऑफर आहे, जॉइनिंग अमुक तारखेला. मी अजून काही ठरवलेलं नाही आणि तिला काही सांगितलेलं नाही. तिला घेऊन जायची माझी इच्छा आहे. तसं झालं तर तुझा तिच्याबरोबरचा वेळ कसा टिकवता येईल याचा एक कच्चा आराखडा या आठवड्यात पाठवते. तुझ्या मनात काय येतं ते कळव. एकत्र मीडिएटरकडे जायची माझी तयारी आहे." कंपनीचं नाव, पगार, घराचा पत्ता, शाळेचं नाव, जे माहीत आहे ते द्या. लपवलेलं उशिरा कळलं की जास्त दुखतं.

उत्तर रागाचं येईल. माझ्याही वेळेला आलं. त्या उत्तराला त्या रात्री उत्तर देऊ नका.

आराखडा: सगळी केस यात आहे

मी पहिला कच्चा अर्ज लिहिला त्यात साडेतीन पानं "मला का जायचंय" होतं: पगार, घराची किंमत, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, बहीण जवळ. मागे राहणाऱ्या बाबांसाठी एक परिच्छेद, "उदार आणि वाजवी भेटी". मीडिएटरने, म्हणजे दोघांत तोडगा काढायला मदत करणाऱ्या तटस्थ माणसाने, तो वाचला आणि विचारलं, "दर बुधवारी तो तिला पोहायला नेतो. ह्यूस्टनला गेल्यावर बुधवारी काय होईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी अर्ज उलटा लिहायला घेतला. जायचं कारण एक पान, बाबांच्या वेळेचा आराखडा पाच पानं. ज्यांना ज्यांना मी मदत केली त्यांना हेच सांगते. तुमचं जाणं पटवण्याआधी, मागे राहणाऱ्याला मूल कसं मिळत राहील ते दाखवा.

आधी रात्री मोजा. आमच्याकडे चौदा दिवसांत पाच रात्री बाबांच्या होत्या, म्हणजे वर्षाला साधारण १३०. चौदाशे मैलांवरून त्या कशा भरून काढायच्या? ह्यूस्टन भागातल्या शाळा मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला भरतात. त्यातले आठ आठवडे न्यू जर्सीला, म्हणजे ५६ रात्री. नाताळच्या सुट्टीतला एक आठवडा ७, स्प्रिंग ब्रेक ७, थँक्सगिव्हिंगच्या ६. शिवाय वर्षातून आठ वेळा बाबांनी ह्यूस्टनला येऊन घालवायचे लांब वीकएंड, तीन रात्रींचे, २४. बेरीज १००. उरलेल्या तीस रात्री कुठूनच निघत नव्हत्या. त्या निघत नाहीत हे मी अर्जात लिहिलं. बेरीज फुगवून दाखवली असती तर समोरच्या वकिलाने कॅलेंडर घेऊन पाच मिनिटांत ती खोडून काढली असती.

या रात्रींना पैशाची बाजूही आहे. न्यू जर्सीच्या चाइल्ड सपोर्टच्या हिशेबात शेअर्ड पॅरेंटिंगचं वेगळं वर्कशीट आहे. त्यासाठी दुसऱ्या पालकाकडे आठवड्याला सरासरी दोन रात्री, म्हणजे निदान २८ टक्के वेळ असावा लागतो. मूल दूर गेलं की तो पालक त्या वर्कशीटमधून बाहेर पडू शकतो आणि त्याचा सपोर्ट वाढू शकतो. म्हणजे पोरगी लांब गेली, विमानाचा खर्च आला आणि वर हप्ताही वाढला. हे त्याला नंतर कळलं तर तो संतापेल, आणि त्याचं बरोबर असेल. सुट्टीतल्या रात्री त्या हिशेबात आपोआप धरल्या जातील असं समजू नका. सपोर्टचा आकडा आणि प्रवासखर्चाची वाटणी, दोन्ही करारातच लिहून घ्या.

कॅलेंडर लावताना दोन्हीकडच्या शाळांची खरी कॅलेंडरं समोर घ्या. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात, समर कॅम्प त्यानंतर सुरू होतात. टेक्सासहून मूल जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन पोचतं तेव्हा त्याचे मित्र शाळेत, बाबा ऑफिसात. ते दोन-तीन आठवडे कोण सांभाळणार? आम्ही तेवढ्यासाठी पुण्याहून आजीला बोलवायचं ठरवलं, म्हणजे तिच्या तिकिटाचं आणि व्हिसाचं जानेवारीतच बघावं लागतं.

सणांचं वेगळं लिहा. वकिलांच्या छापील नमुन्यात ईस्टर असतो, गणपती नसतो. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतात तेव्हा टेक्सासची शाळा सुरू होऊन गेलेली असते. बाबांच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो आणि मुलगी तिथे असू शकत नाही, हे आमच्याकडे सगळ्यात जास्त टोचलं. शेवटी असं ठरलं की आरती व्हिडिओवर, आणि गणपती वीकएंडला आले तर तिने शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने जायचं. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. एडिसनसारख्या ठिकाणी शाळेला दिवाळीची सुट्टी असते, नव्या गावी असेलच असं नाही, तेही तपासा.

प्रवासाचा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण पुढची सगळी भांडणं यातूनच निघतात. तिकीट कोण काढणार, किती दिवस आधी, पैसे कोणाचे, विमान रद्द झालं तर बुडालेली रात्र कधी भरून द्यायची. मोठ्या विमान कंपन्या ५ ते १४ वर्षांच्या एकट्या मुलाला कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली नेतात, त्याचं वेगळं शुल्क प्रत्येक फेरीला पडतं. गेटपर्यंत सोडायला आणि घ्यायला नाव नोंदवलेलं मोठं माणूस लागतं. मध्ये विमान बदलायचं असलेल्या मार्गावर लहान मुलाला एकटं पाठवायचा विचारच काढून टाका. नवं गाव निवडताना न्यूअर्कहून थेट विमान आहे का, हेही बघा. ह्यूस्टनला आहे, आणि माझ्या अर्जातला तो एक भक्कम मुद्दा ठरला. पहिल्या दोन फेऱ्या पालकाने बरोबर जाऊन करायच्या, असंही आम्ही लिहिलं.

व्हिडिओ कॉलला वेळ ठरवा: ह्यूस्टनचे सात म्हणजे न्यू जर्सीचे आठ. मुलाला खोलीत एकटं बोलू द्या, मागून "बाबांना ते सांग ना" नको. बुधवारचं पोहणं गेलं ते गेलंच. त्याऐवजी बुधवारचा गणिताचा गृहपाठ बाबांबरोबर स्क्रीनवर, असं तिच्या बाबांनीच सुचवलं, आणि तो वार टिकला.

पटलं तर

ईमेलवरचं "ठीक आहे, जा" पुरत नाही. ठरलेलं सगळं कन्सेन्ट ऑर्डरमध्ये लिहा, दोघांनी सही करा, न्यायाधीशांची सही घ्या. मग तो कोर्टाचा आदेश होतो आणि मोडला तर बजावता येतो. पटत नसेल पण अगदी तुटलेलंही नसेल तर मीडिएशन. कस्टडीच्या वादात न्यू जर्सीचं कोर्ट स्वतःही मीडिएशनला पाठवतं. आमचं तिथेच, चार महिन्यांनी जमलं. मी जॉइनिंग दोनदा पुढे ढकललं.

नाही पटलं तर

ज्या काउंटीत तुमचा आदेश झाला, तिथल्या सुपिरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये मोशन, म्हणजे लेखी अर्ज, दाखल करायचं. लग्न न झालेल्या पालकांचीही प्रकरणं तिथेच चालतात, फक्त फाइलचा क्रमांक एफएम ऐवजी एफडीने सुरू होतो. मोशनबरोबर तुमचं शपथेवरचं निवेदन, आधीचा आदेश आणि तुम्हाला हवा असलेल्या आदेशाचा मसुदा लागतो. पैशाचा प्रश्न असेल तर केस इन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं विवरणपत्रही. निकालानंतरचं असं मोशन सुनावणीच्या तारखेच्या निदान २४ दिवस आधी दाखल करून समोरच्याला पोचवावं लागतं. ती तारीख म्हणजे निकालाची तारीख नव्हे. दोघांच्या शपथपत्रांत खरा विरोध असेल तर न्यायाधीश साक्षीपुराव्याची पूर्ण सुनावणी ठेवतात. तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लागू शकतो, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

न्यायाधीश काय बघतात ते कलम ९:२-४ मध्ये दिलेलं आहे. आईवडिलांचं एकमेकांशी बोलणं-सहकार्य, मुलाचं दोघांशी आणि भावंडांशी नातं, घरातल्या हिंसेचा इतिहास, घराचं स्थैर्य, शिक्षणाचा दर्जा आणि सातत्य, दोन घरांमधलं अंतर, दोघांच्या नोकरीच्या जबाबदाऱ्या, मुलाच्या गरजा, वय, आणि समज आलेली असेल तर त्याची स्वतःची इच्छा. तुमचं निवेदन याच मुद्द्यांच्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकाला पुरावा जोडा. "शाळा चांगली आहे" हे मत झालं. तुमच्या मुलाला लागणारी स्पीच थेरपी त्या शाळेत मिळते, हे तिथल्या पत्रासकट दाखवलं तर तो पुरावा. मराठी शाळा, कथक, आजी-आजोबा, सगळं येऊ द्या, पण दोन्हीकडचं. न्यू जर्सीत जे सुटणार आहे तेही लिहा.

न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. त्याला पढवू नका. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि त्याचा त्रास त्या मुलालाच होतो.

मागे राहणाऱ्या पालकासाठी

हे तुम्हीही वाचत असाल. विरोध करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तुम्ही दर आठवड्याला मुलाच्या आयुष्यात असाल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण नुसतं "नाही" म्हणू नका. मूल न्यू जर्सीत तुमच्याकडे राहिलं तर शाळेला कोण सोडेल, आजारी पडलं तर ऑफिसातून कोण निघेल, आईला कोणत्या रात्री मिळतील, हा तुमचा आराखडा मांडा. शेवटी परवानगी दिलीत तर बदल्यात ठोस मागा: तिकिटांचा खर्च, उन्हाळा, शाळेच्या पोर्टलचा पासवर्ड, पालकसभेला स्क्रीनवरून हजेरी. आणि खालचा परिच्छेद नीट वाचा, तो तुमच्या बाजूचा आहे.

कोर्ट कोणाचं राहतं

"सहा महिने टेक्सासला राहिले की केस टेक्सासला जाते" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे. सहा महिन्यांचा नियम पहिल्या आदेशासाठी आहे. एकदा न्यू जर्सीने कस्टडीचा आदेश दिला की तो बदलण्याचा अधिकार न्यू जर्सीकडेच राहतो, जोवर एक पालक तिथे राहतो आहे. न्यू जर्सीच्याच कोर्टाने स्वतःहून तो सोडला तर गोष्ट वेगळी. राज्याराज्यांनी मान्य केलेला १९९७ चा एकसारखा कायदा आहे, तो हे सांगतो. तुम्ही मात्र नव्या गावी गेल्यावर आदेशाच्या सर्टिफाइड प्रती घेऊन तिथल्या कोर्टात तो रजिस्टर करा. म्हणजे उद्या काही अडलं तर तिथले अधिकारी त्याची अंमलबजावणी करू शकतात.

आणि हा सगळा हिशेब न्यू जर्सीचा आहे. फ्लोरिडात ५० मैलांपेक्षा दूर आणि निदान ६० दिवसांसाठी जाणं म्हणजे स्थलांतर. मिशिगनमध्ये १०० मैलांचा नियम आहे. इलिनॉयमध्ये शिकागो आणि भोवतालच्या काउंटींत २५ मैल. टेक्सासच्या आदेशांत बहुधा मुलाने कोणत्या काउंटींत राहायचं हेच लिहिलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये १९९६ च्या ट्रोपिया निकालाप्रमाणे सगळे मुद्दे मुलाच्या हितासाठी एकत्र तोलतात. तुमचा आदेश ज्या राज्याचा, नियम त्या राज्याचा.

भारतवारीचं कलम

आपल्या आदेशात हे हवंच. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. एकाला हजर राहता येत नसेल तर डीएस-३०५३ फॉर्म नोटराइज करून द्यावा लागतो. राज्य बदललं की हे आणखी किचकट होतं, म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट आणि ओसीआय (भारतात व्हिसाशिवाय जाण्याचं कार्ड) दोन्ही बघून घ्या. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मागे राहणाऱ्याला "भारतातून परत आलेच नाहीत तर?" ही भीती वाटते. ती भीती अपमान समजू नका. परतीचं तिकीट किती दिवस आधी दाखवायचं, तिथला पत्ता-फोन, पासपोर्ट एरवी कोणाकडे राहणार, हे लिहून टाका. ज्याला काळजी वाटते त्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट अलर्ट योजनेत मुलाचं नाव नोंदवता येतं. मग मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज आला की त्या पालकाला कळवतात.

निघताना

फाइलमध्ये आदेशाच्या सर्टिफाइड प्रती, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, शाळेचं रेकॉर्ड, आयईपी (शाळेने केलेला विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) असेल तर तो. तो नव्या राज्यातही चालतो. नवी शाळा स्वतःचा आराखडा करेपर्यंत तिने तशाच सोयी द्यायच्या असतात. आरोग्यविमा मुलाच्या बाबांच्या कंपनीचा असेल तर नव्या गावात त्या नेटवर्कचे डॉक्टर आहेत का ते बघा. शाळेच्या फॉर्मवर दोन्ही पालकांची नावं, फोन, ईमेल लिहा, दुसरी ओळ रिकामी सोडू नका. टॅक्स रिटर्नमध्ये मूल अवलंबित म्हणून कोण दाखवणार हेही ठरवून घ्या. ज्याच्याकडे रात्री कमी, त्याने दाखवायचं असेल तर ८३३२ फॉर्मवर दुसऱ्याची सही लागते.

मुलाला सांगायचं ते दोघांनी मिळून, एकाच खोलीत, आदेशावर सही झाल्यानंतर. आम्ही तिच्यासमोर भिंतीवरचं कॅलेंडर ठेवलं आणि बाबांकडच्या दिवसांवर तिला हिरवा रंग द्यायला लावला. तिने पूर्ण जून-जुलै रंगवला, मग थांबून विचारलं, "ऑगस्ट पांढरा का?" तेव्हा बाबांनी ऑगस्टमधल्या एका वीकएंडवर बोट ठेवलं, तेव्हा मी येणार आहे म्हणाले, आणि तो चौकोन त्यांनी स्वतः रंगवला. त्याच कॅलेंडरची दुसरी प्रत एडिसनच्या फ्रीजवर लागली. दोन्ही घरी एकेक टूथब्रश, एकेक चार्जर, थंडीचं जाड जाकीट फक्त न्यू जर्सीला. विमानात जाताना तिच्या पाठीवर एकच छोटी सॅक असते.